मनातला ‘च’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

‘दृष्टिकोन बदला, म्हणजे सुखी व्हाल’ हा सल्ला आपल्याला कुणी दिला होता का, आणि दिला असल्यास त्याचे पुढे काय झाले, असे गेल्या अंकात या सदरातून विचारले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत त्या सल्ल्याविषयीची चीडच अधिक होती, आणि ती मला समजू शकते. त्यांतील चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून सात वर्षांपूर्वी निवृत्त झालो. नोकरीत असतानाच शिक्षक सोसायटीचे आणि बँकेचे कर्ज काढून गावी दुमजली घर बांधले. वरच्या तीन खोल्या मुलासाठी, सुनेसाठी आणि नातवंडांसाठी आहेत. मुलगा पुण्यात संगणक कंपनीत नोकरीला आहे. त्याने तिकडेच फ्लॅट घेतला. गणपतीचे तीन दिवस आणि गावच्या जत्रेचा एक मुक्काम, एवढेच त्याचे येणे होते. वरच्या गाद्यांचे प्लॅस्टिक अजून काढलेले नाही. दर रविवारी मी वर जाऊन केर काढतो, खिडक्या उघडतो आणि संध्याकाळी पुन्हा कुलूप लावतो. मुलगा वाईट नाही, पैसे लागले तर पाठवतो. परंतु त्याने आपण होऊन फोन केलाच पाहिजे, असे माझे म्हणणे आहे, आणि तो करत नाही म्हणून मीही करत नाही. मंडळी म्हणतात की, माझा स्वभाव कडवट झाला आहे. ज्येष्ठ नागरिक संघातले मित्र सांगतात, ‘सर, दृष्टिकोन बदला.’ चष्मा बदलायचा तर दुकान तरी ठाऊक असते. दृष्टिकोन कुठे बदलून मिळतो, ते आपण सांगाल का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, कराड तालुका

उत्तर : सर, चष्म्याचा टोला रास्त आहे. हा सल्ला देणारे कृती सांगत नाहीत, आणि कृती न सांगता दिलेला गृहपाठ विद्यार्थी करत नाहीत, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असेल. शिवाय या सल्ल्याच्या नावाखाली दोन वेगळ्याच गोष्टी खपवल्या जातात. पहिली म्हणजे, जे खुपते त्याच्याकडे पाहायचेच नाही आणि सगळे छान आहे असे स्वतःला बजावत राहायचे. दुसरी म्हणजे आपल्याहून दुःखी माणूस शोधायचा. अमक्याचा मुलगा परदेशात आहे आणि पाच वर्षांत फिरकला नाही, मग आपले बरेच म्हणायचे. या दुसऱ्या उपायाने आलेले समाधान संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, कारण तोवर ज्याचा मुलगा दर शनिवारी येतो असा कुणीतरी पारावर भेटतोच.

या सल्ल्यामागचा मूळ विचार मात्र जुना आणि भक्कम आहे. पहिल्या शतकात गुलामगिरीत वाढलेला आणि पुढे तत्त्वज्ञ म्हणून ओळखला गेलेला एपिक्टेटस असे शिकवत असे की, माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, त्या घटनांविषयीची त्याची मते अस्वस्थ करतात. हाच धागा पकडून न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आणि 1960 च्या दशकात फिलाडेल्फियातील मनोविकारतज्ज्ञ एरन बेक वेगळ्या वाटेने साधारण त्याच जागी पोहोचले. मराठी वाचकांपर्यंत एलिस पोहोचले ते प्रामुख्याने मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे. त्यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला आणि ही पद्धती मराठीत आणली. पत्रे लिहून शंका विचारणाऱ्यांना हा तपशील आवडेल, म्हणून सांगितला.

एलिस यांची मांडणी तीन पायऱ्यांची आहे. आधी एखादी घटना घडते, मग त्या घटनेविषयी आपण मनात काहीतरी म्हणतो, आणि त्या म्हणण्यातून भावना उपजते. आपल्याला मधली पायरी दिसत नाही, कारण ती फार झटकन ओलांडली जाते, आणि म्हणून मुलाने फोन केला नाही यातूनच कडवटपणा आला असे वाटते. परंतु तसे असते, तर ज्यांची मुले फोन करत नाहीत ते सगळेच आईबाप सारखेच कडवट झाले असते. काही जण उदास होतात, काही काळजीत पडतात, काही स्वतःच फोन लावतात, आणि काहींच्या तर ते ध्यानातही येत नाही.

आता आपल्या पत्रातली मधली पायरी पाहू, कारण ती आपण स्वच्छ अक्षरात लिहूनच पाठवली आहे. ‘त्याने आपण होऊन फोन केलाच पाहिजे.’ एलिस यांचे सगळे म्हणणे या वाक्यातल्या एका अक्षरावर येऊन थांबते, आणि ते अक्षर वेगळे काढून दाखवण्याची सोय जितकी मराठीत आहे तितकी इंग्रजीतही नाही. ते अक्षर म्हणजे ‘च’. ‘मुलाने फोन करावा’ ही इच्छा आहे, आणि बापाची ती इच्छा असणे अगदी स्वाभाविक आहे. ‘मुलाने फोन केलाच पाहिजे’ हा हुकूम आहे. इच्छा पुरी झाली नाही की वाईट वाटते. हुकूम मोडला गेला की अपमान होतो, राग धुमसतो, आणि हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा देण्याची निकड वाटू लागते. आपण स्वतः फोन न करून ती शिक्षा देत आहात. फक्त ती पुण्यापर्यंत पोहोचत नाही आणि गावातल्या गावात, मंडळींच्या वाट्याला येते.

सगळेच ‘च’ वाईट असतात असे मी म्हणत नाही. बेरीज बरोबरच यायला हवी, शाळेच्या पोषण आहाराचे तांदूळ निवडूनच शिजवायला हवेत, येथे ‘च’ हवाच. माझ्या स्वतःच्या घरी सकाळचा चहा सातलाच मिळावा असा माझा दंडक होता, आणि त्या एका अक्षरापायी मी कित्येक सकाळी घालवल्या आहेत. ‘च’ घातक ठरतो तो ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत त्यांना चिकटल्यावर, आणि दुसऱ्या माणसाचे मन ही तशा गोष्टींतली पहिली गोष्ट आहे.

तेव्हा एक वही घ्या. डाव्या पानावर मनात येणारे वाक्य ‘च’सकट, जसे येते तसे लिहा, ते सभ्य करून लिहू नका. उजव्या पानावर त्या वाक्याची उलटतपासणी घ्या, जशी आपण कॉपी केल्याचा संशय असलेल्या मुलाची घेत होता तशी : हे खरे आहे का, की मला ते खरे असायला हवे आहे? असा नियम कुठे आहे, आणि असलाच तर मुलाला तो कधी सांगितला होता का? हे वाक्य धरून बसल्याने सात वर्षांत माझ्या पदरात काय पडले? शेवटी खाली नवे वाक्य लिहा. ते खोटे गोड नसावे. ‘मुलगा फोन करत नाही, मला त्याची पर्वा नाही’ असे लिहिलेत तर ते आपल्यालाच पटणार नाही. ‘त्याने फोन करावा असे मला फार वाटते, तो करत नाही याचे मला दुःख होते, परंतु त्याने माझ्या इच्छेप्रमाणे वागायलाच हवे असे काही नाही, आणि हे दुःख मी सहन करू शकतो’ हे वाक्य लांबलचक आहे, पण खरे आहे. या पद्धतीत दुःख पुसून टाकायचे नसते. निखळ दुःख आणि कडवटपणा या दोन भावना वेगळ्या आहेत. पहिलीत माणूस मऊ राहतो.

वहीपुढची पायरी प्रत्यक्ष कृतीची आहे, आणि एलिस यांच्या मते ती टाळली तर आधीचे सगळे शब्दच राहतात. त्यांनी स्वतःची एक हकीकत अनेकदा सांगितली आहे. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलण्याची विलक्षण भीती वाटे. मग त्यांनी ठरवले की, महिनाभर रोज ब्रॉन्क्स येथील वनस्पती उद्यानात जायचे आणि बाकावर एकटी बसलेली जी स्त्री दिसेल तिच्याशी बोलायला सुरुवात करायची. 130 जणी भेटल्या, 30 उठून गेल्या, 100 जणींशी बोलणे झाले, एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले, आणि ती आली नाही. हिशेबाने पाहिले तर निकाल शून्य. परंतु नकार मिळाला तरी आकाश कोसळत नाही हे त्यांना महिन्याभरात जे पटले, ते नुसता विचार करून पटले नसते.

आपल्यासाठी ही बाग म्हणजे फोन. येत्या बुधवारी संध्याकाळी आपण होऊन मुलाला फोन लावा. बुधवार मुद्दाम सांगते, कारण त्या दिवशी सण नसतो, सुट्टी नसते आणि काम निघाले असावे असा संशयही येत नाही. ‘कधी येणार?’ हा प्रश्न विचारायचा नाही. ऊसतोड कुठवर आली, धाकट्या नातवाचा दात पडला की अजून हलतोच आहे, एवढे बोलून तीन-चार मिनिटांत फोन ठेवायचा. पहिल्या वेळी तो ‘काय झाले, बाबा?’ असे घाबरून विचारील. त्याला घाबरू द्या. चार बुधवार झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. वरच्या खोल्यांना आपण ‘मुलाच्या खोल्या’ म्हणता. कर्ज आपण काढले, हप्ते आपण फेडले, केरही आपणच काढता. त्या ‘वरच्या खोल्या’ आहेत. गाद्यांवरचे प्लॅस्टिक काढा आणि एक रात्र आपण दोघे वर झोपून पाहा. मुलगा आला तर त्याला वापरलेली गादी मिळेल, आणि वापरलेल्या गादीवर झोपायला माणसाला कमी संकोच वाटतो.

मुलगा पूर्वीपेक्षा अधिक येऊ लागेल, असे वचन मी देत नाही, कारण तो माझ्याही हातात नाही.

प्रश्न : मी चार वर्षांपासून पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतो. या वेळी मुख्य परीक्षेत अवघ्या दोन गुणांनी मुलाखतीची संधी हुकली. माझा खोलीतला मित्र दोन वेळा पूर्वपरीक्षेतच नापास झाला आणि गावी परत जाऊन त्याने रोपवाटिका सुरू केली. तो मजेत आहे. मी त्याच्यापेक्षा कितीतरी पुढे पोहोचलो होतो, तरी अभ्यासिकेत पुस्तक उघडले की मला ते दोन गुणच दिसतात. दोन महिन्यांपासून झोप नीट लागत नाही. सगळे म्हणतात, ‘इतक्या जवळ आलास, हेही कमी नाही, असे बघ ना.’ तसे बघितले की उलट अधिकच त्रास होतो. असे का?
— एक परीक्षार्थी, पुणे

उत्तर : इतक्या जवळ आलात म्हणूनच त्रास होतो, आणि आपल्या हितचिंतकांचे म्हणणे या एका बाबतीत उफराटे आहे. मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये एक सुरेख अभ्यास प्रसिद्ध केला. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील पदकविजेत्यांची दूरचित्रवाणीवरील चित्रणे त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवली आणि खेळाडूच्या चेहऱ्यावरचा आनंद दहापैकी किती, ते नोंदवायला सांगितले. स्पर्धा संपल्याच्या क्षणी कांस्यपदक मिळवणाऱ्यांना सरासरी 7.1 मिळाले, आणि रौप्यपदक मिळवणाऱ्यांना 4.8. पदक गळ्यात पडताना दोघांचाही आनंद थोडा ओसरला होता, तरी क्रम तोच राहिला. दुसरा आलेला खेळाडू वर पाहत होता आणि हुकलेले सुवर्ण मोजत होता. तिसरा खाली पाहत होता, जिथे चौथ्याच्या हाती काहीच नव्हते. कुस्तीसारख्या खेळात रौप्यपदक अखेरची लढत हरून मिळते, तेव्हा चेहऱ्यावरचा हा फरक त्या ताज्या हारण्याचाच असेल, अशी शंका कुणालाही येईल. संशोधकांनाही ती आली होती, आणि त्यांनी तिचा विचार केलेला आहे.

आपण रौप्यपदकाच्या जागी उभे आहात, आणि मित्र या स्पर्धेतून उतरला आहे. त्याच्या मनात ‘दोनच गुण’ हा शब्दप्रयोगच नाही. तो आपल्यापेक्षा शहाणा आहे असे यातून सिद्ध होत नाही, आणि आपण मूर्ख आहात असेही नाही. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर खाशाबा जाधव यांचे घ्या. 1952 मध्ये हेलसिंकीहून ते कुस्तीतले कांस्य घेऊन आले, तर बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सुवर्ण का नाही, असे त्या दिवशी कुणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे उत्तर अर्धवट राहील. वर पाहणे नेहमीच नुकसानीचे नसते. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा यांचे 400 मीटर अडथळा शर्यतीतले कांस्यपदक शतांश सेकंदाने हुकले. दोन गुण पुष्कळ म्हणावेत इतके ते अंतर थोडे होते. पुढच्याच वर्षी जकार्ता येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी पाच सुवर्णपदके मिळवली आणि 1986 च्या सोल आशियाई क्रीडास्पर्धेत चार. हुकलेल्या संधीकडे पाहताना दोन प्रश्न विचारता येतात. ‘कुठे कमी पडले?’ या प्रश्नाला उत्तर असते आणि ते मिळाले की प्रश्न संपतो. ‘माझ्याच बाबतीत असे का?’ या प्रश्नाला उत्तर नसते, म्हणून तो रात्री दोन वाजता पुन्हा येतो. पहिला प्रश्न एक दिवस बसून, गुणपत्रिका आणि उत्तरतालिका समोर घेऊन, कागदावर सोडवून टाका. कुठल्या विषयात किती गुण गेले, त्यातले किती अभ्यासाने येण्यासारखे होते आणि किती केवळ त्या दिवसाचे होते, हे लिहा आणि कागद घडी करून ठेवा.

‘मी नापास आहे’ हे वाक्य मात्र वहीतून बाद करा. परीक्षा त्या दिवसाच्या उत्तरपत्रिकेला गुण देते. माणसाला देत नाही. हे सांत्वन म्हणून सांगत नाही. माणसाच्या एखाद्या कृतीचे मोजमाप होऊ शकते, संपूर्ण माणसाचे होऊ शकत नाही, हा वर ज्यांचा उल्लेख आला त्या एलिस यांच्या विचारातला फार मध्यवर्ती मुद्दा आहे, आणि पेठेतल्या अभ्यासिकांच्या भिंतींवर लावलेल्या यशस्वी उमेदवारांच्या छायाचित्रांपुढे बसून तो लक्षात ठेवणे कठीण जाते.

आणखी एक प्रयत्न द्यायचा की नाही, हा निर्णय आज घेऊ नका, आणि अनंत काळ लांबवूही नका. वय, घरून येणारे पैसे, खोलीचे भाडे, हाताशी असलेला दुसरा मार्ग यांचा हिशेब मांडून एक तारीख ठरवा आणि ती घरी सांगून ठेवा. आणि झोपेचे लिहिले आहे, ते मी सर्वांत गंभीरपणे वाचले. उदासपणा, झोप उडणे, भूक मंदावणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर तो दृष्टिकोनाचा प्रश्न उरत नाही. तो प्रकृतीचा प्रश्न होतो आणि त्यासाठी डॉक्टर लागतो. आपले दोन महिने झाले आहेत. या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. तोवर केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : डोंबिवलीच्या चाळीतल्या एका खोलीत आम्ही पाच माणसे एकोणीस वर्षे राहिलो. मागच्या दिवाळीत ठाण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. पहिले दोन महिने मी नुसती खोल्यांतून फिरत असे. आता शेजारच्यांच्या स्वयंपाकघरातल्या टाइल्स पाहिल्या की माझ्या मला फिक्या वाटतात. मी कृतघ्न आहे का?
— एक गृहिणी, ठाणे

उत्तर : नाही, आपण कृतघ्न नाही, आपल्याला सवय झाली आहे. 1978 मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत मोठी लॉटरी लागलेल्या 22 जणांची तुलना लॉटरी न लागलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांशी केली. लॉटरीवाले फारसे अधिक सुखी आढळले नाहीत, आणि न्याहारी करणे, मैत्रिणीशी गप्पा मारणे अशा साध्या गोष्टींतली त्यांची गोडी उलट कमी झाली होती. याच अभ्यासात अपघाताने अपंगत्व आलेल्या 29 जणांनाही प्रश्न विचारले होते, आणि ‘तेही लॉटरीवाल्यांइतकेच सुखी होते’ असे भाषणांतून वारंवार ऐकू येते. ते बरोबर नाही. ते इतरांपेक्षा कमी सुखी होते. लोकांना वाटले असते तितके दुःखी मात्र नव्हते. अशा गोष्टी सांगताना तिखटमीठ लावण्याचा मोह वक्त्यांना आवरत नाही.

उपाय म्हणून ‘रोज देवाचे आभार माना’ असे मी सांगणार नाही, कारण रोजच्या आभारांचीही सवयच होऊन जाते. एक वेगळी युक्ती करून पाहा. 2008 मध्ये मिनक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले की, चांगली गोष्ट आपल्याला कशी मिळाली हे लिहिण्यापेक्षा ती कशी कशी मिळाली नसती, हे लिहिल्याने माणसाला अधिक बरे वाटते. तेव्हा एका दुपारी बसून लिहा : कर्जाला जामीनदार मिळाला नसता तर, यजमानांची बदली झाली असती तर, चाळ अजूनही तशीच असती तर. मग पहाटे पाचला नळाला पाणी आल्यावर कळशा आणि बादल्यांची जी धावपळ होत असे ती, आणि सकाळी डबा घेऊन लावलेली ती रांग, हे सगळे तपशीलवार लिहा. नंतर स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडा. टाइल्स तेवढ्यापुरत्या दिसेनाशा होतील. महिन्यातून एकदा केले तरी पुरे.

एक खुलासा हवा आहे. नव्या घरामुळे कुणाचा लोकलचा प्रवास वाढला आहे का, किंवा खालच्या रस्त्याचा आवाज रात्रभर येतो का? आवाजाची आणि धकाधकीच्या प्रवासाची माणसाला सहज सवय होत नाही. तक्रार तिथली असेल तर ती टाइल्सवर काढू नका. खिडकीला जाड काच बसवून घ्या.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर दारू पिऊन मारहाण करतात. लग्नाला नऊ वर्षे झाली, दोन मुले आहेत. माहेरी सांगितले तर आई म्हणते, ‘तो आजारी आहे असे समज, तू त्याच्याकडे बघायची दृष्टी बदल, आपोआप सुख वाटेल.’ मी प्रयत्न केला. मला जमत नाही. माझे कुठे चुकते?
— एक भगिनी, मराठवाडा

उत्तर : ताई, आपले काहीही चुकत नाही, आणि आपल्याला जमत नाही हे आपले मन शाबूत असल्याचे लक्षण आहे. वरच्या तीन उत्तरांत मी जे लिहिले त्यातले काहीही आपल्याला लागू नाही. ज्या एपिक्टेटसचा दाखला वर दिला त्याची पहिली शिकवण हीच होती की, आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे आधी निवडून घ्यावे. तो गुलाम होता आणि त्याच्या काळी गुलामाला दाद मागायला जागा नव्हती. आपल्याला आहे. मारणाऱ्या हाताकडे बघण्याची दृष्टी बदलायची नसते. त्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पडायचे असते. आपल्या मातोश्रींना मी दोष देत नाही. लेक परत आली तर लोक काय म्हणतील, या भीतीला त्यांनी उपदेशाचे नाव दिले आहे. व्यसन हा आजार आहे हे त्यांचे म्हणणे खरे आहे आणि त्यावर उपचारही होतात; परंतु ते उपचार पतीने घ्यायचे असतात, मार पत्नीने खायचा नसतो.

आता काय करायचे ते सांगते. जीव धोक्यात आहे असे वाटेल त्या क्षणी 112 हा क्रमांक फिरवा. सल्ला आणि मदत हवी असेल तर महिलांसाठीची 181 ही सेवा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्यानुसार न्यायालय पतीला मारहाण करण्यास मनाई करणारा आदेश देऊ शकते, आणि घर पतीच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असले तरी त्या घरात राहण्याचा हक्क आपल्याला मिळू शकतो. यासाठी सरकारने संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. आपली हकीकत ते विहित नमुन्यात लिहून घेतात आणि न्यायालयापर्यंत नेतात. वकिलाचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न पडला असेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा, तो कसा लागला ते डॉक्टरांना खरे सांगा आणि केसपेपर जपून ठेवा. आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे कागद, बँकेचे पासबुक आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून विश्वासातल्या शेजारणीकडे किंवा मैत्रिणीकडे ठेवा. आपल्या पत्रात अंगणवाडीताईंचा उल्लेख होता, त्या आपल्या विश्वासातल्या वाटतात. त्यांच्यापासून सुरुवात करा. हा अंक घरात ठेवू नका. आपले पत्र छापताना गाव, मुलांची संख्या आणि लग्नाची वर्षे आम्ही बदलली आहेत, आणि आपण उत्तर पाठवणार असाल तर ते त्या ताईंच्या पत्त्यावरून पाठवा.